खातं तिचं, नंबर कोणाचा?

हल्ली पैशांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, काय सोय झाली आहे बघा, भाजीवालीपासून वीजबिलापर्यंत सगळं मोबाइलवर. दुसरा म्हणतो, कसली सोय घेऊन बसलात, माणसं घरबसल्या लुटली जातायत, आमच्या वेळचा रोखीचा व्यवहारच बरा होता. हा दुसरा सूर अर्थातच माझ्या वयाच्या मंडळींचा. मी चौऱ्याहत्तरीची असूनही मला तो पटत नाही, आणि पहिलाही पूर्ण पटत नाही. पैसा कागदाचा असावा की पडद्यावरचा, यावर हे दोघं भांडतात. माझ्या मते, निदान आम्हा बायकांपुरता, खरा प्रश्न निराळाच आहे. ज्या बाईचा पैसा आहे, तिला तो कोणाला न विचारता हातात घेता येतो का?

आधी 'आमच्या वेळच्या रोखी'बद्दल बोलते, कारण तिचं फार कौतुक चालतं.

मी १९७३ साली सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले आणि २००९ साली निवृत्त झाले. सुरुवातीची बरीच वर्षं पगार रोखीने मिळायचा. शिपाई वर्गाच्या दारात येऊन सांगायचा, "बाई, ऑफिसात सहीला बोलावलंय." पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही, आणि मग हेडक्लार्क नोटा दोनदा मोजून हातात ठेवायचे. त्या दिवशी शाळा सुटताना फाटकाबाहेर दोन-तीन सायकली उभ्या असायच्या. आमच्यातल्या काही जणींचे यजमान त्या दिवशी न चुकता बायकोला न्यायला यायचे. एरवी भर पावसात, चिखल तुडवत आम्ही घरी जायचो तेव्हा या सायकली कुठे असायच्या, देव जाणे!

आमच्या घरी असा प्रकार नव्हता. पगार आणला की देवापुढे ठेवायचा आणि मग मामंजींच्या हातात द्यायचा, ही रीत. आमचे हेही आपला पगार तसाच द्यायचे. मामंजी अत्यंत सचोटीचे. एका लांब वहीत पैसा न् पैसा लिहिलेला असे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही किंतु नाही. पण वही त्यांची होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिला काय द्यायचं, हे मी कमावती असूनही मला विचारून ठरवावं लागलं. मिळालं, अगदी मनासारखं मिळालं. पण मागून मिळालं. कमावलेलं मागून घेताना आवाज कसा आपोआप खाली येतो, हे ज्यांनी मागितलंय त्यांनाच कळेल.

कायदा तेव्हाही आमच्या बाजूने होता बरं का. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं चौदावं कलम सांगतं की बाईकडे असलेली मालमत्ता, तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलेलीसुद्धा, पूर्णपणे तिच्याच मालकीची असते. पण कायद्याचं पुस्तक काही पगाराच्या दिवशी फाटकात येऊन उभं राहत नाही.

ज्यांना पगारच नव्हता त्या बायकांनी आपली वाट काढली होती. घरखर्चातून वाचवलेले पैसे डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, देवघरातल्या फडक्यात. भिशी होतीच. घरातल्या पुरुषांना हे माहीत असायचं आणि नसायचंही. मुलीचं बाळंतपण, भावाची अडचण, स्वतःचं दुखणं, अशा वेळी तो डबा उघडायचा. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरचे डबे एका आठवड्यात रिकामे झाले. वर्षानुवर्षांची शिल्लक बायकांना नवऱ्यासमोर, मुलासमोर मोजून द्यावी लागली. "अगंबाई, एवढे होते तुझ्याकडे?" अशी थट्टाही झाली. पुष्कळ घरांत ते पैसे बँकेत गेले ते नवऱ्याच्याच खात्यात, कारण हिचं खातंच नव्हतं. नोटाबंदीच्या गुणदोषांवर खूप बोललं गेलंय. पण त्या आठवड्यात किती बायकांची एकुलती एक गुप्त तिजोरी उघडी पडली, याचा हिशेब मला कुठे वाचायला मिळाला नाही.

तेव्हा रोखीचे गोडवे मला सांगू नका. रोख रक्कम ज्याच्या हातात त्याची, आणि हात बहुतेक वेळा बाईचा नसायचा.

पुढे आमचा पगार बँकेत जमा व्हायला लागला. माझ्या मते माझ्या नोकरीच्या काळातला सगळ्यात मोठा बदल हाच. वेतन आयोग आले, पगार वाढले, ते ठीकच. पण पासबुकावर निळ्या शाईत लिहिलेलं स्वतःचं नाव ही वेगळी गोष्ट होती. पैसे काढायचे तर स्लिपवर सही माझीच लागायची. काउंटरवरचा माणूस नमुन्याच्या सहीशी ती ताडून बघायचा आणि शंका आली तर मान वर करून माझ्याकडे बघायचा. पासबुक यांच्या कपाटात असलं तरी मला नेल्याशिवाय किंवा माझी सही घेतल्याशिवाय पैसे निघत नसत. पैसे कशाला हवेत, हे निदान मला कळायचं. हळूहळू घरातले सगळेच 'काढू का?' असं मला विचारायला लागले. वही मामंजींची होती तेव्हा मी विचारत होते; आता उलटं झालं.

आता आजच्याकडे येते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत लागणाऱ्या रांगा आठवतात ना? २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ची सोय झाली आणि कितीतरी पेन्शनरांचं काम घरी बसून व्हायला लागलं. गुडघे धरलेल्या माणसाला विचारा याची किंमत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती अशा बायकांची खाती निघाली. २०१६ साली यूपीआय सुरू झालं. पाठवलेले पैसे क्षणात पोचतात, मधे कोणी हात मारत नाही. हे सगळं चांगलंच आहे, आणि ते नाकारणारी मी नव्हे.

पण यातच एक फट राहिली आहे.

सही हाताला चिकटलेली असते. ओटीपी फोनला चिकटलेला असतो. बँकेला बाई ओळखू येत नाही, तिला ओळखू येतो तो खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. त्या नंबरचं सिमकार्ड ज्याच्या फोनमध्ये, त्याच्या फोनवर यूपीआय सुरू होणार. निरोप त्यालाच येणार, ओटीपी त्यालाच येणार. सोबत तिचं डेबिट कार्ड किंवा आधारचा नंबर असला की पिनही तोच ठरवू शकतो. आता सांगा, आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या किती बायकांच्या खात्याला त्यांचा स्वतःचा, त्यांच्याच हातात असणारा नंबर जोडलेला आहे?

एक सरकारी आकडा बघा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं. स्वतः वापरत असलेलं बँकेचं खातं आहे असं देशातल्या सुमारे ७९ टक्के बायकांनी सांगितलं. पाच वर्षं आधीच्या फेरीत हा आकडा ५३ होता, म्हणजे झेप मोठीच. पण स्वतः वापरत असलेला मोबाइल? सुमारे ५४ टक्के. वजाबाकी तुम्हीच करा. जवळजवळ चौघींत एक बाई अशी की तिच्याकडे खातं आहे आणि फोन नाही. तिचे निरोप कोणाच्या फोनवर येत असतील? आणि हे झालं पन्नाशीच्या आतल्या बायकांचं. माझ्या वयाच्या बायकांना तर या प्रश्नासाठी कोणी विचारलंच नाही.

आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. पूर्वी तिच्या कमरेला चंची असायची. आता टोपलीशेजारी क्यूआर कोडचा फलक आणि ते बोलणारं यंत्र. आपण पैसे पाठवले की यंत्र खणखणीत आवाजात रक्कम सांगतं. एकदा सहज विचारलं तर म्हणाली, "बाई, पैसे पोराच्या खात्यात जात्यात. माल भरायला लागंल तसं तो देतो." मुलगा वाईट आहे असं तिचं म्हणणं नव्हतं. पण पहाटे माल भरायला जाण्याआधी तिला त्याच्याकडे मागावं लागतं. चंचीच्या काळात तिला मागावं लागत नव्हतं. दिवसभर यंत्र तिच्या कानाशी आकडे ओरडतं आणि त्यातला एक रुपया तिच्या हाताला लागत नाही. तंत्रज्ञानाने तिचा व्यवहार सोपा केला आणि धंदा तिच्याकडून काढून मुलाकडे दिला, तोही कोणी ठरवलेलं नसताना.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या पात्र बायकांना महिना १५०० रुपये. (मी वयानेच बाद, त्यामुळे निःपक्षपाती बोलू शकते!) योजना बरी की वाईट या वादात मला पडायचं नाही. पैसे बाईच्याच आधार जोडलेल्या खात्यात जाणार, हा त्यातला भाग मला फार योग्य वाटला. त्या उन्हाळी-पावसाळी दिवसांत बँकांसमोर उभ्या असलेल्या बायका आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खात्याची चौकशी करत होत्या. पण २०२५ साली ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा तिच्या आधारचा ओटीपी झाल्यावर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला जायला लागला. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं म्हणून असेल, समजू शकते. पण ज्यांचे वडीलही नाहीत आणि पतीही नाहीत, किंवा पतीने टाकलेलं आहे, त्या बायकांनी कोणाचा फोन शोधायचा? त्यांच्यासाठी सरकारला मागाहून वेगळी सोय करावी लागली. आधी सुचलं नाही, कारण बाईच्या मागे कोणाचा तरी फोन असणारच, असं आपण सगळेच धरून चालतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, घरातलेच करतात ना? मुलगा, सून, नातू. प्रेमानेच करतात. आणि आईच्या हातात दिलं आणि ती फसली तर?

फसवणुकीची भीती खोटी नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यात शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले पुरुषही होते, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांच्या बाबतीत कोणी म्हणत नाही की पुरुषांना फोन देऊ नका. फसू नये म्हणून जे शिकायचं ते फार थोडं आहे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन मागितला तर समजावं की पैसे जाणार आहेत. ओटीपी बँकसुद्धा विचारत नाही. फोनवरून कोणीही कोणाला अटक करू शकत नाही. आणि काही घडलंच तर लाज न बाळगता लगेच १९३० हा नंबर फिरवायचा. चार वाक्यं झाली. आम्ही पाचवीच्या पोरांकडून यापेक्षा जास्त पाठ करून घेत होतो.

"तिला जमणार नाही" या म्हणण्याला आमच्याच जिल्ह्यात एक उत्तर मिळालेलं आहे. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांपैकी काही जणी निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. बायकांनी हाय खाल्ली नाही. काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

याच बायकांनी पुढे बँकेलाच दोन गोष्टी शिकवल्या. पासबुक घरी नको, नवऱ्याला शिल्लक कळली तर पैसे काढायला लावतो, ही एक. आणि कार्डाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पिनलाच हरकत घेतली. पिन कोणीही चोरू शकतो, माझा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच अंगठा त्यांनी कुलूप म्हणून मागितला. अर्थात अंगठाही सर्वस्व नव्हे. भांडी घासून, खुरपून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, हे आपण रेशनच्या दुकानात बघतोच. पण दुखणं नेमकं कुठे आहे, हे त्या बायकांना आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

आणि याने फरक पडतो का? पडतो. मध्य प्रदेशात रोजगार हमीवर काम करणाऱ्या बायकांचा एक अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्यात न जाता थेट त्यांच्या खात्यात गेली, आणि ज्यांना खातं कसं वापरायचं हे नीट शिकवलं गेलं, त्या बायका पुढच्या काळात जास्त कामावर जायला लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. यात दोन गोष्टी आहेत बघा. पैसे तिच्या खात्यात, आणि ते वापरायचं शिक्षण. आपण पहिलीवर थांबलो आहोत.

शिक्षणाचा विषय निघाला म्हणून माझ्या धंद्यातलं एक सांगते. घरोघरी आईला फोन शिकवण्याची एक पद्धत असते. "आण इकडे, मी करतो." पटापट बोटं फिरतात, अर्ध्या मिनिटात काम होतं, फोन परत. हे काम करून देणं झालं, शिकवणं नव्हे. फळ्यावर अडलेल्या मुलाच्या हातातला खडू काढून घेऊन आपणच गणित सोडवलं, तर तो जागेवर जाऊन बसतो आणि पुन्हा फळ्याजवळ येत नाही. फोन तिच्याच हातात राहू द्या. भाषा मराठी करून द्या, अक्षरं मोठी करा. दहा रुपये पाठवायला सांगा, चुकलं तर दहाच रुपये. तीन वेळा विचारलं तर तीन वेळा सांगा. तुम्हाला पाढे शिकवताना तिने मोजलं नव्हतं.

आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, तुमच्याही कानात दोन शब्द. "मला नाही बाई त्यातलं काही कळत" हे आपण जरा लाडाने म्हणतो. ते सोडा. ज्या बाईने महागाईच्या दिवसांत एका पगारात सहा माणसांचा महिना निभावला, तिला पैशातलं कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? खात्याला कोणता नंबर जोडलाय ते बँकेत जाऊन विचारा, आणि तो आपला नसेल तर बदलून घ्या. पिन स्वतः ठरवा. नॉमिनी कोण लावलाय ते बघून ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं लावता येतात. यजमानच सगळं बघत असतील, तर ते आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून एकदा सगळं समजून घ्या. ज्यांच्या घरी ते राहून गेलं, त्यांची पुढची वर्षं मी जवळून पाहिली आहेत. दुःख होतंच, वर प्रत्येक कागदासाठी कोणाच्या तरी तोंडाकडे बघणं.

यामुळे घरात अविश्वास वाढेल, असं काहींना वाटेल. मला उलट वाटतं. माझ्या खात्यातून मी नातवाच्या फीसाठी पैसे पाठवते तेव्हा मला होणारा आनंद देण्याचा असतो. माझ्या खात्यातून दुसऱ्या कोणी पाठवले, तर काम तेच होईल, पण दिल्याचं समाधान माझ्याकडे येणार नाही. ज्याच्या हातात आहे त्यालाच देता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आईला, मावशीला, आत्याला तब्येतीच्या चौकशीबरोबर हेही विचारा. तुझ्या खात्याला नंबर कोणाचा आहे गं? उत्तर यायला वेळ लागला, तर तिच्याबरोबर बँकेत जा. गर्दी असते, सोमवार टाळा.